टेम्पोरल लोबचा अपस्मार: मेंदूतील रसायनांचा चुंबकीय वेध

औषधे नियमित घेऊनही ज्यांचे झटके थांबत नाहीत, अशा अपस्माराच्या रुग्णांपुढे शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवताना डॉक्टरांना प्रथम बाजूचा प्रश्न सोडवावा लागतो. झटका मेंदूच्या डाव्या बाजूने सुरू होतो की उजव्या? एमआरआय प्रतिमेत एका बाजूची इजा स्पष्ट दिसत असेल, तर उत्तर बरेच सोपे होते. मात्र काही रुग्णांच्या प्रतिमा दोन्ही बाजूंना सारख्याच आणि निर्दोष दिसतात. झटके तर येतच राहतात. अशा वेळी मेंदूचा आकार न पाहता त्यातील रसायने मोजून काही उलगडा होईल काय, याचा शोध तीन दशकांहून अधिक काळ सुरू आहे. या तंत्राला मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी, थोडक्यात एमआरएस, असे म्हणतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्रावरच ही तपासणी करता येते. तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही आणि किरणोत्सर्गी द्रव्यही द्यावे लागत नाही.

विकाराचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. मराठीत या विकाराला फेफरे, मिरगी, आकडी अशी अनेक नावे आहेत. शहरांत ‘फिट येणे’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. या शब्दांबरोबर डोळ्यांपुढे चित्र उभे राहते ते रुग्ण कोसळल्याचे, हातपाय झाडत असल्याचे आणि तोंडाला फेस आल्याचे. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो. यापैकी कशाचाही उपयोग होत नाही.

टेम्पोरल लोबमधून उद्भवणारा झटका मात्र पुष्कळदा असा नसतोच. कानशिलाच्या आत, मेंदूच्या दोन्ही अंगांना असलेल्या या भागाला मराठीत शंखखंड असेही म्हणतात. प्रौढांमध्ये मेंदूच्या एखाद्याच भागातून सुरू होणाऱ्या अपस्मारांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार येथलाच आहे. त्याची सुरुवात बहुधा एखाद्या विचित्र अनुभूतीने होते. पोटातून काहीतरी वर सरकत असल्यासारखे वाटते, अकारण भीती दाटून येते, अनोळखी जागा पूर्वी पाहिल्यासारखी भासते किंवा नसलेला वास येतो. त्यानंतर रुग्ण एकटक पाहू लागतो, ओठ चाटतो, काही चघळत असल्यासारखे तोंड हलवितो, सदऱ्याच्या बटणाशी किंवा पदराच्या टोकाशी हाताने चाळा करीत राहतो. एक-दोन मिनिटांत हे थांबते. पुढे काही वेळ तो गोंधळलेला असतो आणि मधल्या वेळेचे त्याला काही आठवत नाही. घरच्या मंडळींना ही तंद्री वाटते, क्वचित बाहेरची बाधाही वाटते. त्यामुळे निदानापर्यंत पोहोचण्यास अनेकांना उशीर होतो.

या भागाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाची वळलेली घडी असते. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून तिला हे ग्रीक नाव मिळाले. नव्या आठवणी साठविण्याच्या कामात तिचा मोठा वाटा असतो. शस्त्रक्रियेपर्यंत येणाऱ्या पुष्कळ रुग्णांत ही घडी आक्रसलेली आढळते. तेथील चेतापेशी नष्ट झालेल्या असतात आणि त्यांच्या जागी ग्लिया या आधारपेशी वाढून एक प्रकारचा व्रण तयार झालेला असतो. अशा रुग्णांपैकी अनेकांना लहानपणी तापात दीर्घकाळ आकडी आल्याचा इतिहास असतो.

औषधांचा उपयोग बहुसंख्य रुग्णांना होतो. ग्लासगो येथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांचे थांबले. उरलेल्यांचे थांबले नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा प्रमाणात देऊनही झटके आटोक्यात न आल्यास तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० मध्ये केली.

अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रिया कितपत गुणकारी ठरते, याचे ठोस उत्तर कॅनडातील लंडन या शहरात झालेल्या चाचणीने दिले. टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या ८० रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी करून ४० जणांना शस्त्रक्रियेच्या आणि ४० जणांना औषधोपचाराच्या गटात ठेवण्यात आले. एका वर्षानंतर शुद्ध हरपविणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५८ टक्के, तर दुसऱ्या गटात अवघे ८ टक्के होते. औषधोपचाराच्या गटातील एक रुग्ण त्या वर्षात मरण पावला. ही चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली.

मग अडचण कोठे आहे? ती बाजूच्या निवडीत आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथे १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यांचे झटके पुष्कळ कमी झाले, परंतु नवी आठवण साठविण्याची शक्ती कायमची गेली. समोरची व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परतली, तर ती त्यांना नव्याने भेटल्यासारखी वाटे. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ही स्थिती पालटली नाही. तेव्हापासून एक नियम पक्का झाला आहे. कापावयाचे ते एकाच बाजूचे, आणि तेही दुसरी बाजू स्मृतीचा भार पेलण्याइतकी सुदृढ आहे याची खात्री करून. डोक्याच्या त्वचेवरून घेतलेल्या ईईजी आलेखात दोन्ही बाजू गोंधळ दाखवू लागल्या आणि एमआरआयही मौन राहिला, तर कवटीत इलेक्ट्रोड बसवून दिवसेंदिवस नोंदी घेणे हा मार्ग उरतो. तो खर्चिक आहे आणि त्यात धोकाही आहे. रासायनिक प्रतिमेकडून संशोधकांनी अपेक्षा ठेवली ती हा मार्ग टाळण्याची, निदान तो आखूड करण्याची.

नभोवाणीच्या लहरी आणि रसायनांची शिखरे

एमआरएसचा पाया १९४६ साली घातला गेला. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे दाखवून दिले की, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रे विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यात आले. हायड्रोजनच्या केंद्राची ही कंप्रता १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, तर ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८ मेगाहर्ट्झ असते. आपल्या परिचयाच्या एफएम वाहिन्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतात, म्हणजे या दोहोंच्या मधोमध. बाहेरच्या प्रक्षेपणाचा उपद्रव होऊ नये म्हणून एमआरआयची खोली धातूच्या पत्र्याने मढविलेली असते.

नेहमीच्या एमआरआयमध्ये पाण्यातील हायड्रोजनच ऐकला जातो. पण हायड्रोजनचा अणू कोणत्या रेणूत, कोणत्या शेजाऱ्यांसोबत बसला आहे यानुसार त्याची कंप्रता किंचित सरकते. हा फरक दशलक्षांशांत मोजतात. पाण्याचे शिखर ४.७ या स्थानी असते, कोलीनचे ३.२, क्रिएटिनचे ३.०, आणि एन-ॲसिटाइल ॲस्पार्टेट, म्हणजे एनएए, या द्रव्याचे २.० या स्थानी. ३ टेस्लाच्या यंत्रात एनएए आणि क्रिएटिन यांच्यात सुमारे १२८ हर्ट्झचे अंतर पडते. कोलीन आणि क्रिएटिन यांच्यात मात्र २५ हर्ट्झच्या आसपास. १.५ टेस्लामध्ये ही अंतरे निम्म्यावर येतात आणि शेजारची शिखरे एकमेकांत मिसळू लागतात. अधिक प्रबळ यंत्रांची ओढ लागते ती त्यामुळे.

दुसरी अडचण पाण्याचीच आहे. मेंदूत पाण्याचा संकेत या द्रव्यांच्या सुमारे दहा हजार पट मोठा असतो. तो आधी दाबून टाकल्याशिवाय त्यांचा क्षीण स्वर ऐकू येत नाही.

येथे शब्दांविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘मेटाबोलाइट’साठी या लेखात चयापचयद्रव्य असा शब्द योजला आहे. पेशीत अन्नाचे, ऊर्जेचे आणि बांधणीचे जे व्यवहार चालतात, त्यांत तयार होणारी किंवा खर्ची पडणारी ही द्रव्ये होत. ‘स्पेक्ट्रम’ला वर्णपट हा रूढ शब्द आहे. त्यात रंग असावेत अशी वाचकांची अपेक्षा होईल, परंतु येथील वर्णपट म्हणजे केवळ उंचसखल शिखरांची एक रेषा असते. शिखराखालचे क्षेत्रफळ त्या द्रव्याच्या प्रमाणाचे निदर्शक असते.

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मेंदूतील एकच चौकोनी खंड निवडून त्याचा वर्णपट घेतात. त्यास पाच-दहा मिनिटे लागतात. दुसरीत मेंदूच्या छेदावर जाळी टाकून प्रत्येक घराचा वर्णपट एकाच वेळी मिळवितात आणि त्यावरून एकेका द्रव्याचा नकाशा रंगवितात. डावी-उजवी तुलना करावयाची असल्याने अपस्मारात दुसरी पद्धत अधिक सोयीची ठरते, तथापि तिला वेळ आणि कौशल्य दोन्ही अधिक लागतात.

मेलेल्या पेशी की आजारी पेशी?

एनएएचा शोध अमेरिकेतील टॅलन, मूर आणि स्टाइन यांनी १९५६ साली लावला. हे द्रव्य मेंदूत विपुल असते आणि प्रौढ मेंदूत ते मुख्यत्वे चेतापेशींतच आढळते. ग्लिया पेशींत ते नगण्य असते. त्यावरून सरळ निष्कर्ष निघाला. एनएए म्हणजे जिवंत चेतापेशींची शिरगणती. जेथे ते कमी, तेथे पेशी मेलेल्या. क्रिएटिन पेशींच्या ऊर्जासाठ्याशी आणि कोलीन पेशीपटलांच्या घडामोडींशी निगडित आहे. ग्लिया पेशींत ही दोन्ही द्रव्ये भरपूर असल्याने व्रणाच्या जागी ती वाढण्याची शक्यता असते. म्हणून एनएएला या दोहोंच्या बेरजेने भागून येणारे गुणोत्तर उपयोगी मानले गेले. खाली येणारा आकडा आणि वर जाणारा आकडा एकाच अपूर्णांकात आल्याने फरक ठळक होतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी १९९३ मध्ये याच आधारावर झटक्याची बाजू ओळखता येते असे दाखविले. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच चेतापेशींच्या नाशाचा उल्लेख होता. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील लंडन येथून आणि कॅनडातील माँट्रिअल येथून स्वतंत्र अहवाल आले. झटका जेथून उठतो त्या बाजूला एनएए घटलेले असते, ही गोष्ट तिन्ही ठिकाणी दिसून आली. त्याचबरोबर एक गैरसोयीची बाबही पुढे आली. बऱ्याच रुग्णांत एनएए दोन्ही बाजूंना कमी भरत होते. शिरगणतीच्या तर्कानुसार याचा अर्थ दुसरी बाजूही उद्ध्वस्त झालेली, म्हणजे शस्त्रक्रिया धोक्याची. एखाद्या रुग्णाला केवळ या आकड्यावरून शस्त्रक्रिया नाकारली गेली असती, तर ते त्याच्यावर अन्याय करणारे ठरले असते. कारण तर्कच अपुरा होता.

तो अपुरा असल्याचे शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांनी उघड केले. १९९६ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या गटाने आणि १९९७ साली माँट्रिअलच्या गटाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे वर्णपट पुन्हा घेतले. ज्यांचे झटके थांबले होते, त्यांच्या शाबूत राहिलेल्या बाजूतील एनएए पूर्ववत पातळीकडे परतले होते. ज्यांचे झटके चालूच राहिले, त्यांच्यात ते परतले नव्हते. मेलेली चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाही. तेव्हा घटलेले एनएए हे निदान काही अंशी तरी मृत्यूचे नव्हे, तर आजारी अवस्थेचे चिन्ह होते, हे मान्य करावे लागले. दुसरी बाजू नष्ट झालेली नव्हती. पहिल्या बाजूच्या सततच्या भडिमाराने ती खंगली होती.

२००१ मध्ये या मताला आणखी पुष्टी मिळाली. अमेरिकेतील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या आणि त्या संख्येची शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्णपटाशी तुलना केली. पेशींची घट आणि रसायनांतील बदल यांचा मेळ बसला नाही. एमआरआयवर दिसणारे आक्रसणे मात्र पेशींच्या संख्येशी जुळत होते. एमआरआय आणि एमआरएस या दोन तपासण्या एकाच गोष्टीची दोन रूपे दाखवीत नाहीत, असा याचा अर्थ झाला. एक सांगते पेशी किती उरल्या. दुसरी सांगते उरलेल्यांची प्रकृती कशी आहे.

याचे स्पष्टीकरण पेशीच्या ऊर्जाव्यवस्थेत शोधले जाते. एनएएची निर्मिती तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये होते. पेशीला ऊर्जा पुरविणारे हेच कारखाने. झटक्यांच्या काळात चेतापेशी अतोनात ऊर्जा खर्च करतात, तंतुकणिकांवर ताण पडतो आणि त्यांचे कार्य मंदावले की एनएएचे उत्पादन घटते. ताण हटला की ते सावरते. एमआरआय निर्दोष असलेल्या रुग्णांतही एनएए घटलेले का आढळू शकते, हे यावरून समजते.

चेतविणारे आणि आवरणारे

एनएए हे झटक्याच्या परिणामाचे द्रव्य आहे. झटक्याच्या मुळाशी असलेल्या द्रव्यांचे मापन त्याहून अवघड आहे. चेतापेशींना उद्दीपित करणारे ग्लुटामेट आणि त्यांना आवर घालणारे गॅबा यांचा तोल ढळला की झटका संभवतो, असे ढोबळमानाने म्हणता येते. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९९३ साली रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक नळ्या बसवून पेशींबाहेरील द्रवाची तपासणी करण्यात आली होती. झटका सुरू होण्यापूर्वीच ग्लुटामेट वाढू लागल्याचे तीत दिसले. मात्र नळी बसविणे हे शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या मोजक्याच रुग्णांत शक्य असते.

त्याच वर्षी येलमधील संशोधकांनी जिवंत मानवी मेंदूतील गॅबाचे मापन चुंबकीय पद्धतीने करून दाखविले. गॅबाचे एक शिखर क्रिएटिनच्या मोठ्या शिखराखाली दडलेले असते. ते वेगळे काढण्यासाठी दोन प्रकारे घेतलेले वर्णपट एकमेकांतून वजा करावे लागतात. व्हिगाबॅट्रिन हे औषध गॅबाचे विघटन करणाऱ्या विकराला अटकाव करते. ते घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत गॅबा लक्षणीय वाढल्याचे या पद्धतीने प्रत्यक्ष दिसले. औषध तोंडावाटे घ्यावे आणि त्याचा परिणाम मेंदूत रसायनाच्या पातळीवर, कवटी न उघडता मोजता यावा, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पुढे गॅबापेंटिन आणि टोपिरामेट यांच्याबाबतही अशीच वाढ नोंदविण्यात आली. व्हिगाबॅट्रिनने दृष्टीचे क्षेत्र कायमचे आकुंचित होऊ शकते, असे नंतर लक्षात आल्याने त्याचा वापर मर्यादित झाला. यातील बहुतेक मोजण्या डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टिकेंद्राजवळ झाल्या होत्या हेही ध्यानात ठेवावयास हवे. तो भाग मोजण्यास सोपा आहे. झटक्याचे उगमस्थान तेथे नव्हते.

ग्लुटामेटचा नकाशा काढण्याची एक वेगळी युक्ती अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झाली. ग्लुटामेटच्या रेणूतील काही हायड्रोजन अणू भोवतालच्या पाण्याशी सतत अदलाबदल करीत असतात. त्या अणूंचा संकेत रेडिओ लहरींनी आधीच पुसून टाकला, तर अदलाबदलीतून ती पुसट पाण्यात उतरते आणि पाण्याचा प्रचंड संकेत किंचित मंदावतो. ही मंदी मोजावयाची. पाण्याचा जो संकेत एरवी अडथळा म्हणून दाबला जातो, तोच येथे ध्वनिवर्धकासारखा वापरला आहे. ही पद्धत २०१२ मध्ये जाहीर झाली. २०१५ मध्ये ७ टेस्लाच्या यंत्रावर, एमआरआय निर्दोष असलेल्या टेम्पोरल लोब अपस्माराच्या ४ रुग्णांत तिचा वापर करण्यात आला आणि चौघांतही झटक्याच्या बाजूला ग्लुटामेटचा संकेत अधिक आढळला. चार ही संख्या लहान आहे, हे सांगावयास नकोच. पण ज्या रुग्णांसाठी हे सारे चालले आहे, नेमके तेच हे रुग्ण होते.

फॉस्फरसच्या केंद्रांवरही काम झाले. त्यातून एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन ही ऊर्जाद्रव्ये तसेच पेशीतील आम्लता कळते. झटक्याच्या बाजूला आम्लता कमी असते, असा दावा १९९० च्या दशकाच्या आरंभी झाला होता. अन्य गटांना तो फरक तसा आढळला नाही. ऊर्जाद्रव्यांची घट मात्र अनेकांनी नोंदविली.

तंत्राच्या मर्यादा

इतके सारे हाती असताना ही तपासणी सर्वत्र रूढ का झाली नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. याचे पहिले कारण शरीररचनेत आहे. हिप्पोकॅम्पसच्या निकट कवटीच्या तळाचे जाड हाड आणि हवेच्या पोकळ्या आहेत. ऊती, हाड आणि हवा यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र विस्कटते, शिखरे पसरट होतात आणि एकमेकांत मिसळतात. कवटीवरील चरबीचा संकेतही मध्ये घुसतो. एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान प्रौढांत सुमारे ३ घन सेंटीमीटर असते, तर मेंदूच्या नेहमीच्या तपासणीत निवडला जाणारा दोन सेंटीमीटर बाजूचा खंड ८ घन सेंटीमीटरचा होतो. लांबट खंड निवडून हा दोष कमी करता येतो, पण शेजारच्या ऊतीची भेसळ पुरती टळत नाही. शिवाय हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या आणि मागच्या भागांत निरोगी माणसांतही या द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. वयानुसारही ते बदलते. प्रत्येक केंद्राला आपल्या यंत्रावर निरोगी व्यक्तींचे मापन करून स्वतःचे प्रमाण ठरवावे लागते. एका शहरातील आकडा दुसऱ्या शहरातील आकड्याशेजारी ठेवणे त्यामुळे अवघड होते.

दुसरे कारण असे की, दरम्यानच्या काळात एमआरआयच सुधारला. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१९ मध्ये अपस्माराच्या प्रत्येक रुग्णासाठी शिफारस केलेल्या मूलभूत तपासणीत तीन प्रकारच्या रचनात्मक प्रतिमांचा समावेश आहे, स्पेक्ट्रोस्कोपीचा नाही. ग्लुकोजचा वापर दाखविणारी पेट तपासणी हीदेखील चयापचयाचीच प्रतिमा असून शस्त्रक्रियापूर्व तपासणीत तिला आज अधिक मान आहे. झटके नसतानाच्या काळात आजारी शंखखंड ग्लुकोज कमी वापरतो आणि पेट प्रतिमेत तो मंद दिसतो. मात्र पेटसाठी लागणाऱ्या किरणोत्सर्गी फ्ल्युओरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने तो तयार करणारे सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाले, यावरून ही सोय आपल्याकडे किती अलीकडची आहे ते कळते. एमआरएसला असे काहीच लागत नाही. तरीही ती मागे राहिली, याचे कारण तंत्रापेक्षा ते हाताळणाऱ्या प्रशिक्षित मनुष्यबळाच्या टंचाईत अधिक असावे.

सध्याचे तिचे स्थान पूरक तपासणीचे आहे. ईईजी, एमआरआय, झटक्याचे चित्रीकरण आणि स्मृतिचाचण्या एकाच बाजूकडे बोट दाखवीत असतील, तर एमआरएसने फारशी भर पडत नाही. त्यांच्यात मतभेद असेल, तेव्हा तिचे मत विचारात घेण्याजोगे ठरते. केवळ तिच्या आधारावर शस्त्रक्रिया करू नये आणि केवळ तिच्या आधारावर ती नाकारूही नये.

भारतातील स्थिती

भारतात अपस्मारावरील शस्त्रक्रियेचा इतिहास वेल्लोरपासून सुरू होतो. माँट्रिअल येथे प्रशिक्षण घेऊन परतलेले जेकब चांडी यांनी तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ साली मज्जासंस्थेच्या विकारांचा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. पुढे तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९५ पासून टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियांचा नियमित कार्यक्रम हाती घेतला आणि मर्यादित साधनांत रुग्ण कसे निवडावेत याचा वस्तुपाठ घालून दिला. एमआरआय आणि ईईजी यांचे स्पष्ट एकमत असलेले रुग्ण आधी, गुंतागुंतीचे नंतर, असा तो क्रम होता. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत चुंबकीय अनुस्पंदनाचा स्वतंत्र विभाग असून हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातही एमआरएसवर संशोधन चालते.

आपल्याकडे या तंत्राचा आणखी एक उपयोग आहे आणि तो पाश्चात्त्य ग्रंथांत सहसा पहिल्या पानावर नसतो. भारतात झटके येण्याचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या आणि दुसरे क्षयाच्या गाठी. दोन्ही स्कॅनवर कडीसारख्या दिसतात. उपचार मात्र अगदी भिन्न. क्षयाची औषधे अनेक महिने घ्यावी लागतात आणि ती सोसणे सोपे नसते. क्षयाच्या गाठीच्या वर्णपटात स्निग्ध पदार्थांचे ठळक शिखर आढळते. या निकषावर लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतील संशोधकांनी महत्त्वाचे काम केले आहे. गाठ फार लहान असेल, तर येथेही भोवतालच्या ऊतीची भेसळ आड येते.

कायद्यानेही या विकाराकडे पाहण्याची दृष्टी उशिरा बदलली. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. त्यापूर्वी वारंवार येणारे झटके हे विवाह रद्द ठरविण्याचे कारण होऊ शकत असे.

तपासणीला जाताना

एमआरएस नेहमीच्या एमआरआयसोबतच, त्याच टेबलावर केली जाते. एकूण वेळ थोडा वाढतो. डोके जराही हलल्यास खंडाची जागा सरकते आणि वर्णपट निरुपयोगी होतो, म्हणून लहान मुलांना कधी कधी गुंगी द्यावी लागते. शरीरात पेसमेकर, व्हेगस चेतातंतूला उत्तेजन देणारे उपकरण किंवा धातूची क्लिप असल्यास ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. अपस्मारावरील औषधे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नयेत. कोणती औषधे चालू आहेत याची यादी मात्र सोबत न्यावी, कारण त्यांतील काहींमुळे गॅबाचे प्रमाण बदलते. शेवटचा झटका कोणत्या दिवशी आणि किती वाजता आला होता, हेही तंत्रज्ञाला सांगावे. झटक्यानंतर काही तासांपर्यंत त्या जागी लॅक्टेट साचलेले असू शकते. वेळ ठाऊक असेल, तर १.३ या स्थानी दिसणारे ते शिखर झटक्याची बाजू दाखविणारा पुरावा ठरते. ठाऊक नसेल, तर त्याचा भलताच अर्थ लावला जाण्याचा संभव असतो.